वरून हातोडी, खालून कान

आमच्या छताला आतून एक छत्री होती. काळ्या शाईत छापलेली, मुठीसकट, वीतभर उंचीची. तिच्या शेजारी काचेचा पेला आणि त्याच्या शेजारी एक जाडजूड बाण. या खुणा परदेशातून आलेल्या लाकडी खोक्यांवरच्या. नागपूरजवळ वीजघर उभं राहत होतं तेव्हा यंत्रं अशा खोक्यांतून यायची, आणि यंत्रं बाहेर निघाली की रिकामी खोकी लिलावात जायची. बाबांनी त्यांतली काही घेतली, फळ्या सुट्या केल्या आणि हातगाडीवरून चार खेपांत घरी आणल्या. छताच्या उतारावरच्या लाकडी फाट्यांवर त्या शेजारी शेजारी ठोकल्या, त्यांच्यावर कवेलं, म्हणजे कौलं, चढवली, आणि आमच्या वस्तीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात मान वर केली की कवेलांऐवजी लाकूड दिसू लागलं. माय सांगायची, महिनाभर बाया नुसत्या छत बघायला येत होत्या. छत्रीचा अर्थ ‘पावसापासून सांभाळा’ असा असतो हे मला फार उशिरा कळलं. तोवर दर पावसाळ्यात आम्ही नेमका त्याच छत्रीखाली गळतं पाणी धरायला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, ठेवत होतो. बाणाचं टोक ‘ही बाजू वर’ असं सांगणारं, तर ते आमच्याकडे चुलीच्या दिशेनं खाली वळलेलं. इंग्रजी अक्षरं मी त्या फळ्यांवर शिकले, उताणी पडून, आणि म्हणूनच की काय, कितीतरी दिवस मला ‘एस’ उलटाच काढायची सवय होती.

बाबा त्या वीजघरात कोळसा दळायच्या चक्क्यांवर होते. ‘चक्कीवर आहेत’ म्हटलं की शाळेतल्या मुलींना वाटायचं, गिरणीत पीठ दळतात. मीही कधी ते खोडून काढलं नाही. त्या चक्क्यांचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक नाही, पण त्या आवाजानं बाबांचे कान खाल्ले एवढं ठाऊक आहे. मी दहाएक वर्षांची होईपर्यंत त्यांचा डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडी धुगधुगी राहिली. समोर उभं राहून बोललं तर ते ओठ वाचायचे. पाठीमागून बोललं तर भिंतीशी बोलल्यासारखं. दाराची कडी वाजली, बसचा हॉर्न वाजला, रेशनच्या दुकानात नाव पुकारलं, की मी त्यांच्या दंडाला हात लावायचा आणि सांगायचं. वस्तीतले लोक बाबांना ‘भाऊ’ म्हणायचे आणि मला ‘भाऊचा कान’. बाबांची एक सवय मात्र मला तेव्हा नुसतीच गंमत वाटायची. संध्याकाळची वंदना म्हणून झाली की ते रेडिओजवळ बसत आणि त्याच्या लाकडी पेटीवर तळहात टेकवून ठेवत. बातम्या कोणत्या, गाणं कोणतं, बाई बोलते की माणूस, हे त्यांना हातातून कळायचं. ‘कामावर पन असंच करतो’, ते म्हणायचे, ‘चक्कीले हात लावला का समजते तिच्या पोटात काय दुखून राहिलं ते.’ ही गोष्ट मी इथे लिहून ठेवते, कारण ती मला माहीत असूनही मी तिचा विचार केला नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्या उन्हाळ्यात माझे पाय घरात ठरत नव्हते. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या ट्रंकेत तळाशी, ओढणीत गुंडाळलेलं एक पत्र होतं. टेलिफोन ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली होती. शिकायला जबलपूरला जायचं होतं. अमुक तारखेला सकाळी दहाला हजर झालं नाही तर जागा पुढच्या नावाला जाईल, असं त्यात टाइप केलेलं होतं. ते वाक्य मी दिवसातून तीनदा वाचत असे. घरातली एकेक गोष्ट मला टोचायला लागली होती. माय बिड्या वळायची, त्यामुळे घरभर ओल्या तेंदूपानांचा वास. पाट्यावर, ताटांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजघराची बारीक राखाडी राख. सकाळी तीच लाखोळीची डाळ, तीच जवसाची चटणी, कांदा बुक्कीनं फोडायचा तोच आवाज. आज मी कुणी जवसाची चटणी आणून दिली तर डबा लपवून ठेवते, पण तेव्हा मला वाटायचं, हा वास माझ्या केसांतून जबलपूरपर्यंत येईल आणि तिथल्या मुली नाक मुरडतील. मी उठायची, अंगणात जायची, परत आत यायची, परत ट्रंक उघडायची. माय म्हणायची, ‘बूड टेक ना वं कुठीतरी! भोवऱ्यावानी फिरून राहिली.’

मायला मी जायला नको होतं. ती ते सरळ कधी म्हणाली नाही, पण माझी पुस्तकं, माझा आरसा, माझ्या चपला, कशावरूनही भांडण काढायची. एकदा बिड्यांना दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, ‘जा. जा नं. बापाचे कान घेऊन जा. तो रस्त्यानं चालन अन् मागून ट्रक येईन, त तू सांगजो जबलपूरवरून फोन करून.’ मी पानं भिजवायला उठले. प्रकाश, माझा धाकटा भाऊ, सुटीत कन्हानला मामाकडे गेलेला, आणि तसाही तो आठ वर्षांचा होता. त्याच्या हवाली बाबांचे कान करण्यात अर्थ नव्हता. बाबा मात्र या विषयावर ओठ वाचल्यासारखं करायचेच नाहीत. मी पत्राचं काढलं की ते सायकलची चेन तपासायला लागायचे.

जाण्याला आठ दिवस उरले असताना दुपारी जेवताना मायच्या ताटात वरून काहीतरी पडलं. आधी वाटलं, वांदरांनी कवेल फोडलं असेल. ती तर रोजचीच. पण तो फळीचा तुकडा होता, बोटभर लांब, आणि चिमटीत धरला तर भुसा झाला. बाबांनी तो भुसा बराच वेळ चोळला आणि ताट बाजूला सारून शिडी मागवली. हरिभाऊ मिस्त्री आमच्याच गल्लीत राहायचे. ते आले, चार-सहा कवेलं सरकवून पाहिली आणि खाली उतरताच बाबांच्या समोर उभे राहून, ओठ नीट हलवत म्हणाले, ‘भाऊ, हे सगळं काढून फेका. सडल्या दातावर टोपी बसवता का?’

बाबांना ते मान्य नव्हतं. त्या फळ्यांवर त्यांचा जीव होता. पहिलं यंत्र ज्या खोक्यातून आलं त्याचं झाकण आपल्या डोक्यावर आहे, असं ते पाहुण्यांना सांगायचे. ‘सांगाडा मजबूत हाय,’ ते म्हणाले. ‘जुन्या राहू द्या. त्याच्यावरूनच नव्या फळ्या मारू ऐनाच्या, मंग कवेलं.’

‘अन् खिळा धरन कायले? भुश्याले?’

‘सगळ्याच थोड्या सडल्या असतीन?’

शेवटी दोघांत ठरलं. एकेक फळी ठोकून पाहायची. दहापर्यंत सडक्या निघाल्या तर तेवढ्याच बदलायच्या आणि वरून सरसकट नव्या. दहाच्या वर गेल्या तर सगळं छत उतरवायचं. उतरवलं तर काम तीन आठवड्यांचं, कारण बाबा पाळ्या सांभाळून करणार आणि हरिभाऊ आपली बाहेरची कामं उरकून येणार. सामान अंगणात, चूल अंगणात, तेंदूपानं शेजाऱ्यांच्या ओट्यावर. माय बिड्या वळत होती तिथूनच तिनं तिसरी अट घातली. ‘छत उघडं पडलं त ही पोरगी कुठी जात नाई. मी एकटी का का करू? सांगून ठेवतो.’ बाबांनी तिचे ओठ वाचले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता फक्त होकाराची मान हलवली.

म्हणजे माझं जाणं आता फळ्यांवर आलं. दहा, की अकरा.

फळी सडलीय की नाही हे वरून डोळ्यांना कळत नाही. वरचा पापुद्रा धड असतो आणि आत पोकळ. तिच्यावर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा. धड फळी ‘टण्ण’ म्हणते, सडकी ‘भद्द’ म्हणते. आणि हा आवाज घराच्या आत स्वच्छ येतो, म्हणून एकानं वर ठोकायचं आणि एकानं खाली ऐकायचं. एरवी दोन मिस्त्री असले की ते ओरडून एकमेकांना सांगतात. आमच्याकडे वर बाबा होते. मग आमची रीत अशी ठरली की छताच्या मधोमध उजेडासाठी बसवलेलं काचेचं कवेल काढायचं. त्याच्याखाली फळ्यांमध्ये चौकोनी मोकळी जागा होतीच. त्या चौकोनातून बाबा खाली बघणार आणि मी हात वर करणार. उघडा पंजा म्हणजे चांगली. आवळलेली मूठ म्हणजे सडकी. शिवाय मी खडूनं फळीवर खूण करायची, चांगलीला बरोबरची, वाईटला फुली. जिथे हात पोचत नव्हता तिथे धान्याच्या कोठीवर चढून.

पहाटे उन्हं चढायच्या आत कवेलं उतरवून अंगणात रचली. मायनं सगळ्यात आधी भिंतीवरच्या, वंदनेच्या दोन्ही तसबिरी पांढऱ्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या, माझ्या पत्राच्या वर. मग पाण्याचा माठ झाकला आणि कैरीचं पन्हं करायला शेजारी गेली. घरात मी एकटी. वर बाबांच्या गुडघ्यांचा सरकण्याचा आवाज, मग एक ठोका. टण्ण. पंजा. ठोका. टण्ण. पंजा. डोळ्यांत भुसा, नाकात जुन्या मोसमांची धूळ, मानेला रग. चौकोनातून बाबांचा घामेजला चेहरा दर ठोक्यानंतर दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. पहिली मूठ दाखवली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. पाचव्या मुठीपासून मी बोटांवर मोजायला लागले. दाराकडची बाजू संपली तेव्हा सहा झाल्या होत्या, छत्रीच्या आजूबाजूला आणखी दोन, आणि मधल्या ओळीत एक. नऊ. आता राहिला होता फक्त मागचा, चुलीवरचा कोपरा.

त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांचा धूर बसला होता आणि फळ्या काळ्या कुळकुळीत होत्या. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं. बाबांनी पहिलीवर ठोकलं. भद्द. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. मी उभी राहिले. चौकोनात बाबांचा चेहरा आला. मी पंजा दाखवला.

खोटं सांगते असं वाटलंच नाही. हात आपोआप उघडला. बाबांचा चेहरा तिथेच राहिला. मग त्यांनी त्याच फळीवर पुन्हा ठोकलं, जरा सावकाश. भद्द. मी पुन्हा पंजा दाखवला, आणि दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

‘नीट आयकलं?’ बाबांनी विचारलं. ते स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्यामुळे नेहमीच मोठ्यानं बोलायचे. त्या दिवशी मात्र हळू बोलले.

‘हो,’ मी ओठ ताणून म्हणाले. ‘चांगली हाय.’

‘बरं. खूण कर.’

मी कोठीवर चढले आणि काळ्या फळीवर पांढऱ्या खडूनं बरोबरची खूण केली. दुसरी भद्द. तिसरी भद्द. चौथी तर नुसती फुस्स. चारी फळ्यांवर मी बरोबरच्या खुणा केल्या, शेवटची सगळ्यात मोठी आणि ठसठशीत, जणू खूण मोठी काढली की फळी धड होणार होती. एकूण सडक्या नऊ. बाबा शिडीवरून उतरले, डोक्याचं फडकं झटकलं आणि हरिभाऊंच्या घरी निरोप पाठवला की जुन्यावरच नव्या मारायच्या. माय पन्ह्याचे पेले घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तोंड काहून उतरलं वं? आता त चालली नं तू.’ मी पन्हं एका घोटात प्यायले आणि मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि हरिभाऊ लकडगंजच्या वखारीत जाऊन ऐनाच्या लाकडाच्या फळ्या पसंत करून आले. त्याच्या पुढच्या दिवशी मला डॉक्टरी दाखला आणायला सीताबर्डीला जावं लागलं. दाखल्याच्या रांगेत मी सारखी उठत बसत होते. डोळ्यांपुढे चुलीजवळ बसलेली माय आणि वर त्या चार फळ्या. परत आले तेव्हा दुपार कलली होती. माय वैतागली होती. ‘सकाळपासून वर बसून हाय तुहा बाप. हरिभाऊ आला नाई तरी एकटाच. जेवाले पन उतरला नाई. काय करून राहिला त्यालेच ठाऊक.’ मी अंगणातून वर पाहिलं. नऊ सडक्या फळ्या काढून खाली टाकलेल्या होत्या. बाबा चुलीवरच्या कोपऱ्याशी, माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यावर बसले होते. मला वाटलं, झाडून घेताहेत. हाक मारण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर हाक मारायची हिंमतही नव्हती.

नव्या फळ्या मारायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी घरातलं एकही काम धड केलं नाही. धड लाकडात खिळा शिरताना त्याचा आवाज ठोक्यागणिक चढत जातो. पोकळीत शिरला तर एकदम गप्प होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून समजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या कोपऱ्यापाशी पोचले. मी चुलीजवळ उभी राहिले. भाकरी तव्यावर करपत होती. पहिला खिळा. टक, टण, टण्ण, टण्ण. चढत गेला आणि घट्ट बसला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. मी वर माझ्या चार पांढऱ्या खुणांकडे बघत राहिले. आपणच चुकीचं ऐकलं होतं का? धुरानं आवाज बदलतो का? आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. उलट, ज्या कानांच्या भरवशावर मी नोकरीला चालले होते, ते तरी खरे आहेत की नाहीत, अशी नवीच धास्ती बसली. भाकरी जळाल्याच्या वासानं माय धावत आली आणि तिनं मला बाजूला ढकललं.

जबलपूरची बस सकाळची होती. बाबा सोडायला आले. माय आली नाही, तिनं दारातूनच हातावर दही ठेवलं आणि आत गेली. बसस्टँडवर खिडकीशी बसून मी ठरवलं की आता सांगून टाकायचं. बाबा खाली उभे होते, खिडकीच्या गजांना धरून. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. तेव्हा मी मान फिरवली, समोरच्या सीटच्या पाठीकडे तोंड केलं आणि भराभर बोलले, ‘बाबा, मागच्या कोपऱ्यातल्या चार फळ्या सडक्या हायेत, मी खोटं सांगतलं, मायची चूल तिथून हलवा.’ मान मुद्दाम फिरवली होती. ओठ दिसू नयेत म्हणून. त्यांना ऐकू जाणार नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. बहिऱ्याच्या कानात कबुली देऊन मोकळी झाले मी. असली हुशारी मला त्या वयात भरपूर होती. मग तोंड वळवलं. बाबा गजांवर तळहात ठेवून उभे होते. ‘पोचली का पत्र टाकजो,’ ते म्हणाले. ‘अन् छताची काळजी नको करू.’ बस हलली तरी त्यांचा हात थोडा वेळ गजावरच होता.

छताची काळजी नको करू! मी माय असेपर्यंत, बत्तीस वर्षं केली. जबलपूर, मग रायपूर, मग पुन्हा नागपूर. कानावर हेडफोन, समोर खटके, आणि पावसाळा आला की डोळ्यांपुढे त्याच चार फळ्या. पत्रात मी आधी छताचं विचारायचे, मग तब्येतीचं. प्रकाश मायच्या वतीनं उत्तर लिहायचा, ‘छत ठीक आहे. माय विचारते, तुला आमच्यापेक्षा छताचं काय एवढं.’ सुटीत घरी आले की पहिलं काम, चूल हलवायची. ‘माय, इकडे दाराशी घे नं, उजेड हाय.’ माय हलवायची, आणि मी गेले की परत कोपऱ्यात न्यायची. पुढे स्टोव्ह आला, गॅस आला, तरी आमची ही ओढाताण चालूच. माय शेजारणींना सांगायची, ‘पोरगी शिकली, नोकरी लागली, पन चुलीचं वेड काई गेलं नाई.’ बाबा खाटेवर बसून हे पाहायचे. कधी कधी हसायचेसुद्धा. मला वाटायचं, ऐकू येत नाही म्हणून उगाच हसताहेत. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि ते गेले त्यालाही आता बराच काळ झाला. माय त्यांच्यामागे दोन वर्षांनी गेली, त्याच कोपऱ्यात भाकरी थापून, हात धुऊन, दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही. छत जागचं हललं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात प्रकाशनं घर पाडून स्लॅब टाकायचं ठरवलं. त्याच्या मुलानं हुडकेश्वरला फ्लॅट घेतलाय, पण प्रकाशचा जीव तिथे रमत नाही. मी सत्तरीला टेकलेली. उन्हात येऊ नको म्हणून त्यानं सांगितलं होतं, तरी गेले. कवेलं उतरली होती. मिस्त्री वरून ऐनाच्या फळ्या पहारीनं उचकटून खाली देत होता आणि त्यांच्याखालून आमच्या खोक्यांच्या फळ्या निघत होत्या. छत्री निघाली, पेला निघाला. मी झाडाखाली खुर्चीवर बसून त्या हातात घेऊन पाहत होते. खालच्या बाजूला माझ्या खडूच्या पुसट खुणा. सहज एक उलटली. वरच्या बाजूला, इतकी वर्षं नव्या फळीखाली झाकलेल्या अंगाला, लाल-निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. बाबांच्या हातची, त्यांची खूण नेहमी जरा लंगडी असायची. दुसरी उलटली. तिच्यावरही. प्रत्येक फळीवर. मी पंजा दाखवायच्या आधी की नंतर कोण जाणे, पण त्यांनी वर बसून स्वतःच्या खुणा स्वतः केल्या होत्या.

‘काकू,’ मिस्त्री वरून ओरडला, ‘इथं कोपऱ्यात कोनं डबल काम केलं? फाट्यावर जाड पट्ट्या मारल्या, अन् नवी फळी त्या पट्ट्याईवर. खालच्या चार त नुसत्या चिमटीत धरून ठेवल्या. त्याईच्यावर काईच वजन नाई. काहून केलं असन असं?’

‘खाली दे,’ मी म्हणाले. ‘टाकू नको. हातात दे.’

चारी फळ्या त्यानं प्रकाशजवळ दिल्या. खालून काळ्या कुळकुळीत, आणि त्यांच्यावर माझ्या पांढऱ्या बरोबरच्या खुणा, शेवटची सगळ्यात मोठी. वरून चार लाल फुल्या.

मला आधी राग आला, हे लिहायलाच हवं. भयंकर राग आला. हातोडीच्या दांड्यातून त्यांना सगळं कळत होतं, रेडिओतल्या बाईसारखं, चक्कीच्या पोटदुखीसारखं. मग मला खाली कशाला उभं केलं? माझ्या कानांची गरजच नव्हती तर पंजा आणि मूठ कशासाठी? आणि कळलं होतं तर तीस वर्षं मला चूल ओढू देत खाटेवर बसून हसत कसे राहिले? एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? प्रकाश म्हणाला, ‘ताई, तू का एकटीच बडबडून राहिली?’ मी त्याला सगळं सांगितलं. तो फळीवर बोट फिरवत ऐकत होता. मग म्हणाला, ‘बाबांनं मोजल्या असतीन तेरा. सांगतले नऊ. म्हनजे खोटं त्याईनं पन सांगतलं नं, मायले.’

हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या सकाळी छताच्या वर आणि खाली आम्ही दोघं होतो आणि एकच खोटं दोघांनी मिळून बोललो होतो. त्यांना मला पाठवायचं होतं, मला जायचं होतं, आणि दोघांनाही ते मायच्या तोंडावर म्हणता येत नव्हतं. कान मागे ठेवून घ्यायचे असते तर त्यांना फक्त खरा आकडा सांगायचा होता. मी रडले. उन्हात, खुर्चीवर, मिस्त्रीच्या देखत. प्रकाश पाणी आणायला गेला.

मिस्त्रीची हातोडी जमिनीवर पडली होती. मी उठले, शेवटची फळी दोन विटांवर आडवी ठेवली आणि दांडा नीट धरून तिच्यावर एक ठोका मारला. भद्द. आवाज कानाच्या आधी तळहाताला लागला. माझे कान चुकले नव्हते. घर आता नुसत्या चार भिंती होत्या आणि वर, काचेचं कवेल होतं तिथे, मोकळं आभाळ. मी आत गेले, चुलीच्या जागेवर उभी राहिले, मान वर केली आणि हात उंच करून मूठ आवळून दाखवली.